‘माणदेशी एक्सप्रेस’ आणि आपली आळशी नजर

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात रेल्वे नाही. पुणे-मिरज लोहमार्ग नीरा ओलांडून लोणंदला येतो आणि तिथून वाठार, कोरेगाव, रहिमतपूर करीत दक्षिणेला कऱ्हाडकडे निघून जातो. लोणंदहून पूर्वेकडे काढलेला फाटा आता फलटणपर्यंत पोचला आहे. त्यापलीकडच्या दहिवडी, म्हसवड, मोही या गावांना गाडीची शिट्टी अद्याप ऐकू येत नाही. तरीही मोहीच्या ललिता शिवाजी बाबर यांना उभा महाराष्ट्र दशकभर ‘माणदेशी एक्सप्रेस’ म्हणत आला आहे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटलेले नाही. विशेषणे अक्षरशः वाचायची नसतात, हे मान्य. परंतु जे विशेषण ज्या भूमीचे नाव घेते तिच्याशी जुळत नाही आणि ज्या क्रियेचा गौरव करते तिच्याशीही जुळत नाही, ते टिकते कशाच्या बळावर, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने तरी विचारायला हवा.

ते टिकते सवयीच्या बळावर. पी. टी. उषा ‘पय्योली एक्सप्रेस’, कविता राऊत ‘सावरपाडा एक्सप्रेस’, हिमा दास ‘ढिंग एक्सप्रेस’, ललिता बाबर ‘माणदेशी एक्सप्रेस’. साचा ठरलेला आहे : गावाचे किंवा मुलखाचे नाव घ्यावे आणि त्यापुढे आगगाडी जोडावी. यांतील एक चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ऑलिम्पिक पदकाच्या उंबरठ्याशी पोचलेली, दुसरी दहा हजार मीटरची, तिसरी सपाट चारशे मीटरची, चौथी स्टीपलचेसची. या चार वेगवेगळ्या विद्या आहेत. ओवी, लावणी, सुनीत आणि मुक्तछंद या चौघांना मिळून कोणी ‘शब्दांची एक्सप्रेस’ म्हणाले, तर आपण त्या माणसाला समीक्षक मानणार नाही. धावणाऱ्या बाईच्या बाबतीत मात्र तेवढी चिकित्सा आपल्याला अनावश्यक वाटते.

माझा आक्षेप एका शब्दापुरता नाही. आपले मराठी गद्य खेळाडूची कारकीर्द लिहिताना तिचा आरंभ लिहिते, तिचा शेवट लिहिते, आणि मधला खेळ गाळून टाकते. आरंभी दारिद्र्य, दुष्काळ, अनवाणी पाय. शेवटी सत्कार, नोकरी किंवा उपेक्षा. ज्या कौशल्यामुळे या व्यक्तीविषयी लिहिण्याची वेळ आली, ते कौशल्य या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी हरवते. ही पत्रकारितेची त्रुटी म्हणून सोडून देता येत नाही. हे वर्णनाचे अपयश आहे, म्हणजे वाङ्मयीन अपयश आहे, आणि त्याची जबाबदारी साहित्य शिकणाऱ्या व शिकवणाऱ्या मंडळींवर अधिक आहे. वार्ताहराला घड्याळाशी झुंजत मजकूर पाठवायचा असतो. आपल्याला कसली घाई होती?

आधी कारकीर्द मांडू. ललिता बाबर यांचा जन्म १९८९ चा. त्या घडल्या लांब पल्ल्याच्या धावपटू म्हणून. २००५ साली पुण्यात वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांतील पहिला क्रमांक सलग तिसऱ्यांदा जिंकून जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी हॅट्ट्रिक पूर्ण केली. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी देशांतर्गत मॅरेथॉनची एक यशस्वी धावपटू म्हणून नाव राहिले असते, आणि दरवर्षी जानेवारीत छायाचित्रही छापून आले असते. त्यांनी नेमक्या याच वेळी दिशा बदलली. आंतरराष्ट्रीय पदक हवे होते, म्हणून बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीवरून त्या तीन किलोमीटरच्या स्टीपलचेसकडे वळल्या.

हा निर्णय किती विलक्षण आहे, हे आपल्या लेखनात क्वचितच उमटते. मॅरेथॉन ही समगतीची साधना आहे. श्वास, पाऊल आणि वेग यांचे एक प्रमाण बसवायचे आणि अडीच तासांहून अधिक काळ ते ढळू द्यायचे नाही. स्टीपलचेसमध्ये ते प्रमाण पस्तीस वेळा मोडावे लागते : अठ्ठावीस अडथळे आणि सात पाणउड्या. छंदःशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ओवीच्या सैल लयीत वाढलेल्या कवीने पंचविशीत यतीच्या कडक नियमांचे वृत्त हाती घ्यावे, तसा हा बदल होता.

आणि तो फळला. सप्टेंबर २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ९ मिनिटे ३५.३७ सेकंदांत कांस्यपदक मिळवले आणि सुधा सिंह यांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०१५ मध्ये वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, वेळ ९:३४.१३. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत ९:२७.८६, आणि अंतिम फेरीत आठवा क्रमांक. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत ९:२७.०९. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या प्राथमिक फेरीत ९:१९.७६. ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या एखाद्या शर्यतीची अंतिम फेरी भारतीय खेळाडूने गाठण्याची १९८४ च्या लॉस एंजेलिसमधील उषा यांच्यानंतरची, म्हणजे बत्तीस वर्षांतली, ती पहिली वेळ. अंतिम फेरी १५ ऑगस्टला झाली. बाबर ९:२२.७४ या वेळेत दहाव्या आल्या. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांचा राष्ट्रीय विक्रम सात वर्षे अबाधित राहिला. तो २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पारुल चौधरी यांनी मोडला.

हे आकडे कोरडे वाटत असतील, तर दोष आकड्यांचा नाही, ते वाचण्याच्या आपल्या अनभ्यासाचा आहे. इंचॉन ते रिओ हा काळ दोन वर्षांहून कमी. त्या अवधीत वेळ कमी झाली १५.६१ सेकंदांनी. याचा अर्थ असा की, २०१४ ची कांस्यपदक विजेती ललिता बाबर आणि २०१६ ची ललिता बाबर एकाच ट्रॅकवर धावल्या असत्या, तर दुसरी शेवटची रेषा ओलांडत असताना पहिली जवळजवळ ऐंशी मीटर मागे राहिली असती. स्वतःलाच ऐंशी मीटर मागे टाकणे ही एका कादंबरीची सामग्री आहे. आपण तिचे काय केले? ‘जिद्द’ हा एक शब्द लिहिला आणि परिच्छेद संपवला.

स्टीपलचेसविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ज्या वस्तूचे वर्णन करायचे तिची रचनाच ठाऊक नसेल तर विशेषणांखेरीज हाती काही उरत नाही. साध्या अडथळ्यांच्या शर्यतीत अडथळा हलका असतो. पाय लागला तर कलंडतो. स्टीपलचेसचा अडथळा म्हणजे जवळपास चार मीटर रुंदीचे, ऐंशी ते शंभर किलो वजनाचे जाड लाकूड. त्याला पाय लागला तर तो हलत नाही, धावणारा पडतो. महिलांसाठी त्याची उंची ७६.२ सेंटिमीटर. प्रत्येक पूर्ण फेरीत पाच उड्या, आणि त्यांतील चौथ्या उडीपलीकडे पाण्याचा उतरता खड्डा : अडथळ्याला लगटून सर्वांत खोल, पुढे उथळ होत जाणारा. त्यामुळे तिथे निष्णात धावपटू लाकडावर एक पाय टेकवून दुसऱ्या पायाने शक्य तितके दूर, उथळ पाण्यात उतरते आणि बुटात पाणी घेऊन तशीच पुढे जाते. हे सात वेळा. प्रत्येक वेळी बूट जड झालेला, आणि प्रत्येक वेळी थकवा अधिक. शिवाय सर्वजणी घोळक्याने धावत असतात. पुढच्या बाईच्या पाठीमुळे अडथळा दिसत नाही. तो किती पावलांवर आहे याचा अदमास शरीराला अगोदरच असावा लागतो. उडीसाठी डावा पाय येतो की उजवा, याची निवड करायला वेळ नसतो, म्हणून दोन्ही पायांनी उडी घेता यावी लागते.

महिलांचे स्टीपलचेस जागतिक स्पर्धेत आले २००५ मध्ये आणि ऑलिम्पिकमध्ये २००८ मध्ये. म्हणजे बाबर या शर्यतीकडे वळल्या तेव्हा ती स्त्रियांसाठी अधिकृतपणे खुली होऊन दहा वर्षेही झाली नव्हती. त्याआधी बाईने पाण्यावरून उडी मारीत तीन हजार मीटर धावावे, हे क्रीडासंस्थांच्या कल्पनेतच बसत नव्हते. हा इतिहास सांगणारी दोन वाक्ये त्यांच्याविषयीच्या कोणत्याही लेखात ‘दुष्काळी’ या शब्दाच्या जागी खुशाल बसली असती.

आता दुष्काळाकडे येऊ. बाबर यांच्यावरील बहुतेक लेखनात एक कार्यकारणभाव गृहीत असतो : माणदेश दुष्काळी, तिथले जीवन खडतर, पाण्यासाठी पायपीट, म्हणून तिथली मुलगी धावली. या ‘म्हणून’ची तपासणी कोणी करीत नाही. दुष्काळाने धावपटू घडत असते तर माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतून गेल्या शंभर वर्षांत ऑलिम्पिकचे संघच्या संघ निघाले असते. दुष्काळाने घडतात ते स्थलांतरित मजूर, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे आणि अर्ध्यातून सुटलेल्या शाळा. धावपटू घडतो तो शिक्षकाच्या नजरेने, मैदानाने, आहाराने, रेल्वेसारख्या संस्थेच्या क्रीडाविषयक पाठबळाने, उटीच्या उंचीवरील सरावशिबिराने, आणि निकोलाय स्नेसारेव यांच्यासारख्या कठोर बेलारुसी प्रशिक्षकाच्या वेळापत्रकाने. स्नेसारेव मार्च २०२१ मध्ये पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत वारले. भारतीय स्त्रियांच्या लांब पल्ल्याच्या धावण्याचा एक कालखंड या माणसाच्या हाताखाली घडला. मराठीत त्यांचे एखादे शब्दचित्र असायला काय हरकत होती? पण ते आपल्या कथेत बसत नाहीत. आपल्या कथेला दुष्काळ पुरतो.

या कथेचा एक दुष्परिणाम गंभीर आहे. यशाचे श्रेय दुष्काळाला दिले की दुष्काळ अप्रत्यक्षपणे क्षम्य होतो. ज्या जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरचा पाऊस आहे, कोयनेचे धरण आहे, कृष्णाकाठचा ऊस आहे, त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि टँकरची वाट पाहणारी गावे आहेत, हा विरोधाभास निसर्गाने अर्धाच निर्माण केला आहे. उरलेला अर्धा पाटबंधाऱ्यांच्या निर्णयांनी आणि राजकारणाने. ‘खडतर मातीतून उगवलेली कन्या’ असे लिहिणारा लेखक त्या मातीला कठोर जननीचे रूप देतो, आणि ती माती कोरडी का राहिली हे विचारण्याच्या दायित्वातून सुटतो. अविनाश साबळे यांच्या बाबतीतही हेच झाले. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे साबळे पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेचे रौप्य, २०२३ साली आशियाई स्पर्धेचे सुवर्ण आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी येथवर पोचले. त्यांच्याही लेखांत माती तीच, कोरड तीच आणि ‘म्हणून’ही तेच.

माणदेशाला वाङ्मयात ज्यांनी आणले, त्यांच्यावर हे खापर फोडता येणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ची (१९४९) ताकद नेमकी उलट गोष्टीत आहे : तिथे मुलूख हा माणसाचा खुलासा होत नाही. प्रत्येक माणूस आपापल्या लकबीने, चालीने, बोलण्याने उभा राहतो. ‘बनगरवाडी’ (१९५५) आपण वर्गात ‘दुष्काळाची कादंबरी’ म्हणून शिकवतो, कारण शेवटी दुष्काळ येतो आणि गाव उठून जाते. परंतु त्याआधी त्या गावाने आपल्या हातांनी काय उभारले? तालीम. तरुण मास्तराच्या कल्पनेतून, धनगरांच्या श्रमातून उभी राहिलेली तालीम, आणि तिच्या उद्घाटनाला आलेला औंधचा राजा. ज्या औंध संस्थानाच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा देशभर प्रसार केला, त्याच संस्थानाच्या मुलखातले हे गाव. शरीर कमावण्याची इच्छा, त्यासाठीची जागा, सामुदायिक श्रम आणि राजाश्रय, हे सारे त्या कादंबरीत आहे. आपल्या वाचनात दुष्काळ राहिला आणि तालीम निसटली. ललिता बाबर यांच्याविषयी लिहिताना आपण तीच चूक दुसऱ्यांदा केली.

कोणी म्हणेल, दुष्काळ ही माणदेशापुरती अडचण आहे. तर याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कृष्णाकाठी, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरला जाऊ. खाशाबा जाधव तिथले. इथे दुष्काळाची सोय नव्हती, म्हणून उपेक्षेची सोय केली गेली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकचे कांस्यपदक, प्रवासखर्चासाठी घर गहाण ठेवणारे प्राचार्य, परतल्यावर निघालेली बैलगाड्यांची मिरवणूक, पुढे पोलिस खात्यातील नोकरी, १९८४ चा अपघाती मृत्यू, मरणोत्तर अर्जुन पुरस्कार, न मिळालेला पद्म किताब. हा क्रम महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही पाठ आहे. यातील अन्याय खरा आहे, त्यावर लिहिलेच पाहिजे. पण हा क्रम म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता येईल की, १९४८ साली लंडनला फ्लायवेटमध्ये सहावा आलेला हा मल्ल चार वर्षांनी वरच्या वजनगटात, बँटमवेटमध्ये, तिसरा कसा आला? मातीत घडलेल्या शरीराने मॅटचे नियम आणि मॅटचा वेग कसा आत्मसात केला? कोणता डाव त्याने टिकवला, कोणता सोडला? मराठीत कुस्तीची परिभाषा दरिद्री नाही. ढाक, धोबीपछाड, निकाल, कलाजंग, एकेरी पट, दुहेरी पट, मोळी : एकेका हालचालीला एकेक नाव देणारी ही भाषा आहे. एवढी संपन्न परिभाषा हाताशी असताना आपण खाशाबांवर लिहितो ते ‘उपेक्षित हिरा’ या दोन शब्दांच्या आधारे. मग ज्या खेळाला मराठीत परिभाषाच नाही त्या स्टीपलचेसचे काय होणार, हे उघड आहे.

यावर एक विद्वत्तापूर्ण प्रतिवाद संभवतो. विजेत्याचे गुणगान करताना खेळ गाळण्याची परंपरा प्राचीन आहे. ग्रीक कवी पिंडार याने ऑलिम्पियाच्या विजेत्यांवर स्तोत्रे रचली, त्यांत शर्यतीचे वर्णन जवळजवळ नसते. असते ते घराणे, नगर, देवदैवते आणि पुराणकथा. मग मराठी लेखकाने गावाचे आणि घराचे गुणगान केले तर काय बिघडले? बिघडले असे की, पिंडार मानधन घेऊन विजेत्याच्या कुळाची कीर्ती गात होता आणि ते तो लपवीत नव्हता. आपण वास्तववादाच्या नावाखाली स्तोत्र लिहितो. शिवाय ज्या काळात स्तोत्र हाच एक मार्ग होता तो काळ गेला. १९६३ साली सी. एल. आर. जेम्स यांनी ‘बियाँड अ बाउंड्री’ लिहून दाखवले की फलंदाजाच्या पायांच्या हालचालीपासून वसाहतवादाच्या इतिहासापर्यंत एकाच वाक्यरचनेत जाता येते, आणि दोन्हींपैकी एकालाही कमी लेखावे लागत नाही. जेम्स त्रिनिदादचे मूळ विसरले नाहीत. त्यांनी मूळ सांगितले आणि फटकाही सांगितला. आपण फक्त मूळ सांगतो.

दुसरा प्रतिवाद अधिक वजनदार आहे. स्थान वगळले तर कारकीर्द म्हणजे नुसती वेळांची यादी उरेल. आणि मोहीच्या मुलीसाठी रिओचे अंतर मुंबईच्या मुलीपेक्षा खरोखरच जास्त होते, ते न सांगणे हाही अन्याय. हे मला पूर्ण मान्य आहे. माझे म्हणणे स्थान वगळा असे नाही. स्थान नेमकेपणाने सांगा, असे आहे. ‘दुष्काळी भाग’ हा नेमकेपणा नव्हे. गावापासून धावण्याजोगा ट्रॅक किती अंतरावर होता, एस.टी. कोणत्या वेळी होती, मुलगी सकाळी धावायला निघाली की घरातले काम कोणाच्या अंगावर पडे, पहिले बूट कोणी आणि कशातून घेतले, स्पर्धेसाठी रजा कोण देत होते, हा नेमकेपणा. तो मिळवायला चौकशी करावी लागते. ‘अनवाणी’ लिहायला करावी लागत नाही.

अनवाणीवरून आठवते : रिओच्या त्याच प्राथमिक फेऱ्यांत, दुसऱ्या एका गटात, इथिओपियाची एतेनेश दिरो धडक होऊन पडली. तिचा बूट फाटला. तो घालण्याची खटपट सोडून तिने बूट आणि मोजा काढून टाकला आणि एका उघड्या पायाने, अडथळे आणि पाणउड्यांसह, शर्यत पूर्ण केली. तिची गती अडल्याचे ध्यानात घेऊन पंचांनी तिला अंतिम फेरीत प्रवेश दिला. इथे अनवाणी पाय ही घटना आहे. तिला कारण आहे, क्षण आहे, परिणाम आहे. आपल्या लेखांतील अनवाणी पाय हा अलंकार आहे. तो कोणाच्याही पायात बसतो.

आता सर्वनामाकडे यावे. ललिता बाबर धावत होत्या तोवर आपण लिहीत होतो : ‘ललिताने विक्रम मोडला’, ‘तिने अंतिम फेरी गाठली’. कौतुकाच्या भरात ‘लेक’, ‘कन्या’, ‘पोर’. पुढे धावणे मागे ठेवून त्या राज्याच्या महसूल सेवेत अधिकारी झाल्या, आणि बातम्यांची भाषा रातोरात बदलली : ‘त्यांनी पदभार स्वीकारला’, ‘त्या म्हणाल्या’. धावत होती तोवर ‘ती’. खुर्चीत बसली आणि ‘त्या’ झाल्या. हा आदर कोणाचा? ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीचा की सरकारी पदाचा? आपुलकीने एकेरी म्हटले, असा खुलासा सोयीचा आहे. लोक लतालाही ‘लता’च म्हणत, सचिनलाही ‘सचिन’च. पण मग ती आपुलकी पदभार स्वीकारताच कुठे गेली? समीक्षेत आपण ‘माडगूळकर लिहितात’, ‘इरावतीबाई मांडतात’ असे लिहितो. कर्तृत्वाला आदरार्थी क्रियापद देण्याची ही शिस्त आहे. ‘बाबर धावतात’ असे वाक्य मराठीत अजून कानाला खटकते, यातच सारे आले. शारीरिक कर्तृत्वाला आपली भाषा मनापासून कर्तृत्व मानत नाही. हातात लेखणी किंवा शिक्का आल्यावरच ती नमस्कार करते.

शेवटी, दहावा क्रमांक. या कारकिर्दीचा गाभा तिथे आहे आणि आपल्या गद्याचे दिवाळेही तिथेच निघते. रिओच्या अंतिम फेरीत अठराजणी होत्या. बहारीनच्या रूथ जेबेटने ८:५९.७५ अशा वेळेत सुवर्ण जिंकले. बाबर दहाव्या आल्या. पदक आले असते तर आपल्याकडे विजयाची भाषा तयार होती. त्या पडल्या असत्या तर करुणेची भाषा तयार होती. एका शतांश सेकंदाने पदक हुकले असते तर, उषांच्या बाबतीत होती तशी, हळहळीची भाषा तयार होती. दहाव्या क्रमांकासाठी आपल्याकडे कोणतीही भाषा नव्हती. म्हणून ‘अंतिम फेरी गाठली हेच मोठे’ असे एक सांत्वनपर वाक्य लिहून पुढच्या पदकाकडे वळण्यात आले. जगातील दहावी स्टीपलचेस धावपटू ही काय वस्तू आहे, याचा विचार करा. जगातील दहावा भौतिकशास्त्रज्ञ, दहावा सतारवादक किंवा दहावा कादंबरीकार आपल्या जिल्ह्यात जन्मला असता तर आपण त्याचे सांत्वन केले असते काय?

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न परका वाटू नये. आधुनिक कथेने आपल्याला शिकवले ते हेच की, जय आणि पराजय यांच्या मधला प्रदेश सर्वांत मोठा आहे आणि माणसे बहुतांशी तिथे राहतात. तरी खेळाचा विषय आला की आपण आधुनिकता दाराबाहेर ठेवून वीरगाथेच्या किंवा शोकगीताच्या आश्रयाला जातो.

इथे आणखी एका मोहापासून सावध केले पाहिजे. लोणंदहून तरडगावला निघालेल्या ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीचे पहिले उभे रिंगण चांदोबाचा लिंब येथे होते. अश्व धावतो, आणि त्या धावण्यात पहिला-दुसरा कोणी नसतो. ‘क्रमांकाविना धावणे हीच आपली परंपरा, आणि ललिता त्या परंपरेची वारसदार’ असा एक सुरेख परिच्छेद इथे सहज लिहिता येईल. तो लिहू नये. बाबर क्रमांकासाठीच धावत होत्या. मॅरेथॉनमधले निश्चित यश सोडून त्यांनी स्टीपलचेस धरले ते पदकाच्या आकांक्षेने. त्या आकांक्षेवर अध्यात्माची शाल पांघरणे हे दुष्काळाची माती फासण्याइतकेच गैर आहे. इंचॉनला जेबेटला आधी बाद ठरवले गेले, तेव्हा बाबर काही काळ रौप्याच्या मानकरी होत्या. अपिलानंतर निर्णय फिरला आणि त्या पुन्हा कांस्यावर आल्या. ज्या खेळाडूने हे भोगले, तिला क्रमांकाचे मोल नव्हते असे सांगणे म्हणजे तिची आयुष्यभराची मेहनत आपल्या तत्त्वज्ञानासाठी वापरणे.

मग करायचे काय? मराठी शिकवणाऱ्यांना एक साधी गोष्ट करता येईल. ‘माझा आवडता खेळाडू’ हा निबंध घालणे बंद करावे. त्या शीर्षकातच आवड अगोदर आणि खेळ नंतर आहे. मुले जन्मगाव, गरिबी, जिद्द, पुरस्कार आणि संदेश या पाच पायऱ्या चढून उतरतात आणि आपण त्यांना पैकीच्या पैकी गुण देतो. त्याऐवजी विद्यार्थ्यांना रिओच्या त्या प्राथमिक फेरीचे चित्रण दाखवावे आणि एकच फेरी लिहायला सांगावी. चारशे मीटर, पाच उड्या, सुमारे पंचाहत्तर सेकंद. अट एवढीच : एकही भाववाचक नाम नको, ‘जिद्द’ नको, ‘चिकाटी’ नको, मुलखाचे नाव नको. क्रियापदे हवीत. घोळक्यात ती कुठे होती, आतल्या बाजूला की बाहेर. पाणउडीआधी पावले लांबली की आखडली. लाकडावर कोणता पाय टेकला. पाण्यातून बाहेर पडताना किती जणी पुढे गेल्या. खांदे कधी ताठरले. पहिल्या प्रयत्नात कोणालाही जमणार नाही. विद्यार्थ्यांना जमणार नाही आणि आपल्यालाही जमणार नाही, कारण पाहण्याची सवयच उरलेली नाही. पण दहाव्या प्रयत्नात मराठीला स्टीपलचेससाठी काही क्रियापदे सापडतील, आणि ती पुढच्या लेखकाच्या कामी येतील. कुस्तीची नावेही अशीच, आखाड्याच्या कडेला बसून पाहणाऱ्यांनी, एकेक करून घडवली असणार.

बाबर आपल्या गटात चौथ्या आल्या होत्या. थेट पात्र ठरत होत्या त्या प्रत्येक गटातल्या पहिल्या तिघी. उरलेल्यांतून वेळेनुसार सहाजणी घेतल्या जाणार होत्या. म्हणजे शेवटच्या फेरीत तिसरी बाई पुढे निघून गेलेली असताना, जागा मिळेल की नाही हे ठाऊक नसताना, केवळ घड्याळाशी धावून त्यांनी ती वेळ नोंदवली. त्या शेवटच्या फेरीत चार अडथळे आणि सातवी पाणउडी होती. ती उडी त्यांनी कशी मारली, हे मराठीत अजून कोणीतरी लिहायचे आहे. ते लिहून होईपर्यंत ‘एक्सप्रेस’ हा शब्द रेल्वेच्या वेळापत्रकातच राहू द्यावा.